तीन लाख वस्तूंचा संग्रह आणि त्याची फाटाफूट: फॉरेस्ट अ‍ॅकरमन यांचे प्रकरण

जुनी पल्प मासिके, म्हणजे लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदावर छापलेली कथामासिके, जमवणाऱ्या प्रत्येकासमोर दोन प्रश्न उभे असतात. हातातला कागद आणखी किती वर्षे तग धरेल हा पहिला, आणि आपल्या पश्चात या साऱ्याचे काय होईल हा दुसरा. पहिल्या प्रश्नाबद्दल संग्राहक तासन्‌तास बोलतात, पिशव्या, पुठ्ठे आणि खोलीचे तापमान यांची बारकाईने चर्चा करतात. दुसरा प्रश्न मात्र बहुतेक जण पुढे ढकलतात. लॉस एंजेलिसचे विज्ञानकथाप्रेमी आणि संपादक फॉरेस्ट जे. अ‍ॅकरमन यांच्या संग्रहाची हकिगत या दुसऱ्या प्रश्नाच्या दृष्टीने मला फार महत्त्वाची वाटते, कारण या माणसाकडे आस्था, ओळखी, कीर्ती आणि वेळ यांपैकी कशाचीच वाण नव्हती आणि तरीही सुमारे 3,00,000 वस्तूंचा त्यांचा संग्रह एकत्र राहू शकला नाही.

अ‍ॅकरमन यांचा जन्म 24 नोव्हेंबर 1916 चा. 1926 च्या ऑक्टोबर महिन्यात, वयाची दहा वर्षेही पुरी झालेली नसताना, त्यांनी दुकानात मांडलेल्या मासिकांतून ‘अमेझिंग स्टोरीज’चा अंक उचलला. केवळ विज्ञानकथांना वाहिलेले हे मासिक ह्यूगो गर्न्सबॅक यांनी त्याच वर्षी एप्रिलमध्ये 25 सेंट किमतीला सुरू केले होते, म्हणजे अ‍ॅकरमन यांच्या हाती पडलेला अंक अवघा सातवा होता. त्या अंकाने आपल्याला हाक मारली आणि ‘मला घरी घेऊन चल’ असे सांगितले, असे ते पुढे आयुष्यभर सांगत आले. 1929 मध्ये गर्न्सबॅक यांच्याच ‘सायन्स वंडर क्वार्टर्ली’ या त्रैमासिकात त्यांचे पहिले पत्र छापून आले. गर्न्सबॅक वाचकांच्या पत्रांखाली त्यांचे पूर्ण पत्तेही छापत असत. त्यामुळे दूरदूरच्या गावांतील एकएकटे वाचक एकमेकांना थेट पत्रे लिहू लागले, त्यांतून मंडळे उभी राहिली आणि 1939 मध्ये न्यूयॉर्कला विज्ञानकथाप्रेमींचे पहिले जागतिक अधिवेशन भरले, ज्याला अ‍ॅकरमन भविष्यकाळातल्या माणसाचा वेश करून हजर राहिले होते.

पत्रव्यवहाराच्या या पानांचे महत्त्व इथेच सांगून ठेवतो. पल्प मासिकांतील गाजलेल्या कथा पुढे पुस्तकरूपाने आल्या आणि त्या आजही सहज मिळतात. परंतु वाचकांची पत्रे, संपादकांची उत्तरे, घरबसल्या रेडिओदुरुस्ती शिकवणाऱ्या किंवा पिळदार शरीराची हमी देणाऱ्या जाहिराती, पुढच्या अंकाची घोषणा आणि आतील रेखाचित्रे, हे सारे फक्त मूळ अंकातच सापडते. मासिक म्हणून मासिक जपायचे ते यासाठी.

कागदाचा स्वभाव

अ‍ॅकरमन यांच्या घराकडे वळण्यापूर्वी त्या घरात साठलेल्या वस्तू कशाच्या होत्या हे नीट समजून घेतले पाहिजे. अमेरिकन प्रकाशक फ्रँक मन्सी यांनी 1896 मध्ये ‘आर्गोसी’ हे मासिक केवळ कथासाहित्याचे केले आणि ते लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदावर छापून 10 सेंटला विकायला काढले, तेव्हा पल्प मासिकाचा साचा तयार झाला. पुढे रुळलेला आकार साधारण 7 इंच रुंद आणि 10 इंच उंच असा. ‘अमेझिंग’ आरंभी याहून मोठ्या आकारात निघत असे, पण आतला कागद त्याच जातीचा होता.

या कागदात लाकूड यंत्राने भरडून केलेला लगदा असतो आणि लाकडाचे तंतू एकमेकांना बांधून ठेवणारे लिग्निन हे द्रव्य त्यातून काढून टाकलेले नसते. लिग्निनवर प्रकाश आणि हवा यांची क्रिया होऊन कागद आधी पिवळा आणि मग तपकिरी पडतो. रंग बदलणे हे दिसणारे लक्षण झाले. खरा घात आम्लामुळे होतो. शाई फुटू नये म्हणून त्या काळच्या कागदाला राळ आणि तुरटी, म्हणजे गिरणीतील ॲल्युमिनियम सल्फेट, यांची खळ दिलेली असे. तीतून आम्ल तयार होते, हवेतील ओलाव्याच्या साहाय्याने ते कागदाचे तंतू ज्याचे बनलेले असतात त्या सेल्युलोजच्या लांब साखळ्या तोडत जाते आणि साखळ्या तुटल्या की कागदाचा चिवटपणा संपतो. ही क्रिया पेटीत बंद ठेवलेल्या अंकातही चालू असते, कारण आम्ल कागदाच्या आतच आहे.

1930 च्या दशकातला एखादा अंक टेबलावर ठेवून पाहिला की हे सगळे डोळ्यांना दिसते. पानाच्या कडा गडद तपकिरी असतात, आत जावे तसा रंग फिकट होत जातो आणि शिवणीजवळची पट्टी कधीकधी जवळजवळ मूळ रंगाची राहिलेली असते, कारण हवा आणि शहरातला धूर कडांकडून आत शिरतो. बाहेरचे चकचकीत मुखपृष्ठ वेगळ्या, जड कागदाचे असते. त्याचे रंग नव्वद वर्षांनंतरही झगझगीत राहतात आणि आतली पाने मात्र बोट लागताच कोपऱ्यातून तुटतात. पुष्कळ पल्प अंकांचे मुखपृष्ठ आतील पानांपेक्षा थोडे बाहेर आलेले असते. हा बाहेर आलेला काठ सर्वांत आधी दुमडतो, चिरतो आणि गळून पडतो. म्हणूनच अखंड काठांचा अंक संग्राहकांना इतका मोलाचा वाटतो. बांधणीत पिना अंकाच्या घडीतून न घालता पाठीजवळ बाजूने आरपार मारलेल्या असतात आणि वरून मुखपृष्ठ डिंकाने चिकटवलेले असते. अशा बांधणीचा अंक पूर्ण उघडत नाही. तो सपाट करण्यासाठी दाब दिला की पाठ तडकते, मुखपृष्ठ सुटते, आणि गंजलेल्या पिनांभोवतीचा कागद आधीच कुजलेला असल्याने पानेही निखळू लागतात.

उपलब्ध अंक कमी असण्याचे आणखी एक कारण इतिहासात आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत रद्दी कागद गोळा करण्याच्या मोहिमा निघाल्या आणि घराघरांतले मासिकांचे गठ्ठे त्यांत गेले. ग्रंथालयांनीही ही मासिके हलक्या प्रतीची मानून फारशी ठेवली नव्हती. त्यामुळे 1950 नंतर जे उरले ते मुख्यतः अ‍ॅकरमन यांच्यासारख्या वाचकांच्या घरांत उरले, आणि या साहित्यप्रकाराच्या अभ्यासकांनी या खाजगी संग्राहकांचे ऋण मोकळ्या मनाने मान्य करायला हवे.

घराचे संग्रहालय

अ‍ॅकरमन यांनी आयुष्यभर लेखकांचा प्रतिनिधी, संपादक आणि प्रचारक म्हणून काम केले. विज्ञानकथेसाठी ‘साय-फाय’ हे संक्षिप्त नाव त्यांनी 1954 च्या सुमारास रूढ केले आणि 1958 पासून ‘फेमस मॉन्स्टर्स ऑफ फिल्मलँड’ या भयपटविषयक मासिकाचे संपादन केले. संग्रह या काळात वाढतच होता. मासिकांच्या जोडीला पुस्तके, मूळ चित्रे, चित्रपटांची भित्तिपत्रके, मुखवटे आणि चित्रीकरणात वापरलेल्या वस्तू येत गेल्या आणि लॉस फेलिझ भागातील ग्लेनडॉवर अ‍ॅव्हेन्यूवरचे 18 खोल्यांचे घर त्यांनी भरून गेले. चाहते या घराला ‘अ‍ॅकरमॅन्शन’ म्हणत. 1951 पासून 2002 पर्यंत, आधीच्या घरात आणि मग या घरात, अ‍ॅकरमन यांनी संग्रह लोकांना खुला ठेवला. साधारण 50,000 माणसे तो पाहून गेली असे सांगितले जाते. यजमान स्वतः खोल्याखोल्यांतून हिंडून प्रत्येक वस्तूची कथा सांगत आणि कोणाकडूनही शुल्क घेत नसत.

या औदार्याबद्दल मला नितांत आदर आहे. विज्ञानकथा आणि भयपटांच्या क्षेत्रात पुढे नाव काढणारे कितीतरी जण लहानपणी या घरात येऊन गेले होते आणि बंद कपाटांतल्या संग्रहाने ते घडले नसते. तरीही जतनाच्या बाजूने पाहिले तर हीच व्यवस्था जोखमीची होती. राहत्या घरातील तापमान दिवसरात्र बदलते, खिडक्यांतून ऊन येते आणि या शहरातल्या धुराची त्या दशकांतली ख्याती तर सर्वांना ठाऊक आहे. संग्रह दाखवणारा माणूस एक आणि पाहणारे अनेक, अशा स्थितीत वर्षांच्या ओघात काही वस्तू नाहीशाही झाल्या. या सगळ्यापेक्षा मला जास्त गंभीर वाटते ती गोष्ट अशी, की संग्रहाची खरी सूची त्याच्या मालकाच्या स्मरणात होती. कोणता अंक कुठून आला, कोणती प्रत कोणाच्या सहीची, कोणत्या गठ्ठ्यात काय आहे, हे अ‍ॅकरमन यांना विचारावे आणि त्यांनी सांगावे, असा व्यवहार होता, आणि तो त्यांची प्रकृती चांगली होती तोवर उत्तम चालला.

2002 नंतर

संग्रह अखंड राहावा आणि त्याचे सार्वजनिक संग्रहालय व्हावे ही अ‍ॅकरमन यांची जाहीर इच्छा होती. पण जागा कोणी द्यायची, पगारी माणसे कोणी ठेवायची आणि वर्षानुवर्षांचा खर्च कोणी उचलायचा, या प्रश्नांची पक्की उत्तरे कधी मिळाली नाहीत. दरम्यान काही वस्तू अधूनमधून विकल्या जात होत्या. 1990 मध्ये पत्नी वेंडेन यांचे निधन झाले. पुढे आजारपण आणि न्यायालयीन वादाचा खर्च एकाच वेळी अंगावर आला आणि 2002 मध्ये पंच्याऐंशी वर्षांच्या अ‍ॅकरमन यांनी ग्लेनडॉवरचे घर विकले. बराचसा संग्रह त्या सुमारास विकला गेला, निवडक वस्तू घेऊन ते जवळच्याच एका लहान घरात राहायला गेले आणि तिथेही भेटायला येणाऱ्यांना त्या दाखवत राहिले. 4 डिसेंबर 2008 रोजी त्यांचे निधन झाले आणि उरलेल्या वस्तूंचा 2009 मध्ये लिलाव झाला. त्यांच्या कागदपत्रांचा काही भाग त्याआधीच वायोमिंग विद्यापीठाच्या अमेरिकन हेरिटेज सेंटरमध्ये गेलेला होता, ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब.

या विक्रीने अंक नष्ट झाले असे म्हणणे योग्य ठरणार नाही. दाम मोजून घेतलेला अंक खरेदीदार सहसा जपतो आणि त्यांतले कितीतरी अंक आज पूर्वीपेक्षा चांगल्या परिस्थितीत असतील. हानी झाली ती संबंधांची. एकाच वाचकाने 1926 पासून ओळीने घेतलेले अंक, त्यांच्या शेजारी त्यांतल्या लेखकांची पत्रे आणि त्या कथांवरून निघालेल्या चित्रपटांची भित्तिपत्रके, अशी रचना समोर असली की अभ्यासकाला एका पिढीची वाचनसंस्कृती दिसते. तेच अंक शंभर वेगवेगळ्या घरांत गेले की त्यांची किंमत उरते, साक्ष उरत नाही. पल्प मासिकांचे थोर संग्राहक आणि विज्ञानकथेचे इतिहासकार सॅम मॉस्कोविट्झ यांच्या संग्रहाचीही त्यांच्या निधनानंतर 1999 मध्ये लिलावातून अशीच पांगापांग झाली होती, तेव्हा अ‍ॅकरमन यांचे प्रकरण एकटे नाही.

नव्वद किलोमीटरवरचे दुसरे उदाहरण

या प्रकरणात मन सर्वाधिक अस्वस्थ होते ते नकाशा पाहिल्यावर. लॉस एंजेलिसपासून सुमारे 80 ते 90 किलोमीटरवर रिव्हरसाइड हे शहर आहे आणि तिथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने 1969 मध्ये ओकलंडचे एक डॉक्टर, जे. लॉइड ईटन, यांचा सुमारे 7,500 पुस्तकांचा विज्ञानकथासंग्रह विकत घेतला. विद्यापीठाच्या ग्रंथालयात अशा साहित्याला जागा मिळणे हे त्या काळी आश्चर्यच होते. पण एकदा नाव, जागा आणि जबाबदार ग्रंथपाल ठरल्यावर त्या बीजाभोवती पल्प मासिके, चाहत्यांनी काढलेली हस्तमुद्रित नियतकालिके आणि लेखकांची कागदपत्रे जमत गेली. आज ईटन संग्रहात 3,00,000 हून अधिक वस्तू आहेत. अ‍ॅकरमन यांचा आकडाही साधारण हाच होता.

टोरांटोचे उदाहरणही असेच बोलके आहे. लेखिका ज्युडिथ मेरिल यांनी 1970 मध्ये आपली सुमारे 5,000 पुस्तके आणि मासिके टोरांटोच्या सार्वजनिक ग्रंथालयाला दिली. अंक घरी न्यायला मिळत नाहीत, तिथेच बसून वाचायला मिळतात. पुढे त्या संग्रहाला मेरिल यांचेच नाव मिळाले आणि तो कित्येक पटींनी वाढला. ईटन आणि मेरिल यांचे मूळ संग्रह अ‍ॅकरमन यांच्या मानाने फारच लहान होते, हे इथे मुद्दाम लक्षात घ्यावे. मेरिल यांनी तर हयातीत, हातपाय चालत असताना देणगी दिली. त्यामुळे ग्रंथपालांना शंका विचारता आल्या आणि देणाऱ्यालाही आपल्या पुस्तकांचे पुढे काय होते ते डोळ्यांनी पाहता आले. माझ्या मते फरक इथे पडला. अ‍ॅकरमन यांना सगळे एकत्र, एकाच छताखाली आणि आपल्या घराच्या वैभवासह टिकवायचे होते. ही इच्छा इतकी मोठी होती की कोणतीही संस्था ती जशीच्या तशी पुरी करू शकली नाही, आणि त्यातला केवळ मासिकांचा भाग वेळेवर वेगळा काढून ग्रंथालयाकडे सोपवण्याचा मधला मार्ग मागे पडला.

आपल्या कपाटांसाठी

मराठी वाचकाला हे प्रकरण परके वाटण्याचे कारण नाही. बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा, जुने दिवाळी अंक आणि स्वस्त कागदावरची कथामासिके जमवणारी माणसे आपल्याकडे आहेत आणि त्यांच्या कपाटांतला कागदही याच आम्लाने झिजतो आहे. मुंबई आणि कोकणपट्टीच्या दमट हवेत तर ही झीज लॉस एंजेलिसपेक्षा वेगाने होते, शिवाय बुरशी, कसर आणि वाळवी यांची भर पडते ती वेगळीच. अ‍ॅकरमन यांच्या पिढीला ठाऊक नसलेल्या काही गोष्टी आज आपल्याला ठाऊक आहेत. तापमान सुमारे 5 अंशांनी उतरले की कागदाचे आयुष्य ढोबळमानाने दुप्पट होते आणि सापेक्ष आर्द्रता 50 टक्क्यांच्या खाली, स्थिर राहिलेली चांगली. माळा आणि पोटमाळा म्हणूनच सर्वांत वाईट जागा, तर घरातले आतले, बाहेरच्या भिंतीला न टेकलेले लोखंडी कपाट त्यामानाने पुष्कळ बरे. पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलिनची पिशवी चालते, पीव्हीसीची चालत नाही. पण आम्लयुक्त कागद नुसत्या प्लॅस्टिकमध्ये घट्ट बंद केला तर त्यातून निघणारे आम्ल आतच कोंडते, म्हणून अंकामागे कॅल्शियम कार्बोनेटयुक्त आम्लविरहित पुठ्ठा ठेवावा आणि पिशवीचे तोंड चिकटपट्टीने बंद करू नये. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी तर कधीही लावू नये. तिचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून कागदात उतरतो आणि मग तो सहजासहजी काढता येत नाही. मॅग्नेशियम ऑक्साइडचा फवारा देऊन आम्ल निष्प्रभ करण्याची पद्धत मोठी ग्रंथालये वापरतात. तिने पुढची झीज मंदावते, मात्र ठिसूळ झालेला कागद पुन्हा चिवट होत नाही.

स्कॅनिंगचा आधार मोठा आहे. अमेरिकेत 1964 पूर्वी प्रसिद्ध झालेल्या मजकुराचा स्वामित्वहक्क 28 व्या वर्षी नूतनीकृत करावा लागत असे, अनेक पल्प प्रकाशकांनी तो केला नाही, आणि त्यामुळे शेकडो अंक आज इंटरनेट आर्काइव्ह आणि पल्प मॅगझिन्स प्रोजेक्ट यांच्याकडे खुलेपणाने वाचता येतात. आपल्याकडे हक्कांची स्थिती वेगळी असल्याने प्रत्येक अंकाचा स्वतंत्र विचार करावा लागेल. पण खाजगी संदर्भासाठी मुखपृष्ठ, अनुक्रमणिका आणि पत्रांची पाने यांची छायाचित्रे काढून ठेवायला कोणाची आडकाठी नाही, आणि प्रत्येक वाचनागणिक अंकाला बसणारा हिसका त्यामुळे टळतो.

यापुढचे काम कागदाशी नव्हे, कागदपत्रांशी निगडित आहे. एका साध्या वहीत किंवा संगणकावरील तक्त्यात मासिकाचे नाव, महिना, वर्ष, अंकाची स्थिती, कोणाकडून आणि केव्हा मिळाला एवढे रकाने भरले, आणि त्या यादीची प्रत घराबाहेरच्या एका विश्वासू व्यक्तीकडे ठेवली, तर संग्रह मालकाच्या स्मरणावर अवलंबून राहत नाही. ग्रंथालयाशी बोलणे आपण धडधाकट असतानाच करावे आणि तेही सगळ्या संग्रहाबद्दल एकदम न करता एखाद्या सलग मालिकेपासून करावे, कारण पन्नास सलग अंकांचे एक खोके स्वीकारणे कोणत्याही ग्रंथपालाला पाच हजार मिश्र अंकांपेक्षा सोपे जाते. देणगीपत्रात अंक कोणत्या विभागात राहतील, ते घरी वाचायला दिले जातील की नाही आणि पिशव्या-पुठ्ठ्यांचा सुरुवातीचा खर्च कोण करील, हे स्पष्ट लिहावे. दुबार अंक विकण्याची किंवा दुसऱ्या संस्थेला देण्याची मुभाही ग्रंथालयाला त्याच पत्रात द्यावी. ‘यातला एकही अंक कधी बाहेर जाता कामा नये’ अशी अट पाहूनच अनेक संस्था हात आखडता घेतात, आणि मग सबंध संग्रह घरच्यांच्या गळ्यात पडतो, ज्यांना रद्दीवाल्याखेरीज दुसरा पत्ता ठाऊक नसतो.